कुत्र्यासोबत अमेरिकेत विमानप्रवास: सर्व्हिस डॉग, सपोर्ट ॲनिमल आणि चिठ्ठीचा घोळ

अमेरिकेत नव्याने आलेल्या आपल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टरांची चिठ्ठी आणली की कुत्रा विमानात फुकट नेता येतो ना?" आता नाही. २०२० पर्यंत नेता येत होता. ११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला आणि त्या चिठ्ठीला विमानापुरती काही किंमत उरली नाही. इंटरनेटवर मात्र जुने लेख तसेच पडून आहेत. दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करून चिठ्ठी विकणाऱ्या वेबसाइटही जोरात चालू आहेत. पैसे तिथे घालवण्याआधी हे वाचा.

नियम बदलला का, हे माहीत असलं की काउंटरवरची माणसं तुमच्या कुत्र्याकडे संशयाने का बघतात ते कळतं. विमानात अपंग प्रवाशांशी भेदभाव करू नये म्हणून अमेरिकेत १९८६ साली एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट झाला. त्याखालच्या नियमांत पुढे इमोशनल सपोर्ट ॲनिमल, म्हणजे ईएसए, हेही आले. मानसोपचार करणाऱ्याचं पत्र असलं की असा प्राणी केबिनमध्ये बिनपैशाचा. मग व्हायचं ते झालं. पाळीव प्राण्याचं भाडं वाचवायला लोक पत्रं विकत घेऊ लागले. २०१४ मध्ये कनेक्टिकटहून निघणाऱ्या एका विमानातून प्रवासिनीसह डुक्कर उतरवावं लागलं. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई चक्क मोर घेऊन आल्या आणि युनायटेड या विमान कंपनीने त्यांना नकार दिला. हे किस्से हसण्यावारी गेले, पण कुत्र्यांचे चावे हसण्यावारी जाणारे नव्हते. २०१७ मध्ये डेल्टाच्या विमानात शेजारच्या सीटवरच्या सपोर्ट डॉगने एका प्रवाशाचा चेहरा फाडला. पुढच्याच वर्षी डेल्टाने सांगितलं की आपल्या विमानांतून वर्षाला सुमारे अडीच लाख सर्व्हिस आणि सपोर्ट प्राणी जातात आणि प्राण्यांमुळे घडणाऱ्या घटना दोन वर्षांत ८४ टक्क्यांनी वाढल्या आहेत. सगळ्यात जास्त भरडले गेले ते खरे गाइड डॉग वापरणारे अंध प्रवासी. कारण शिकवलेला कुत्रा गप्प बसतो आणि न शिकवलेला त्याच्यावर धावून जातो. वाहतूक खात्याने नव्या नियमाचा मसुदा काढला तेव्हा पंधरा हजारांहून जास्त लोकांनी मतं कळवली. डिसेंबर २०२० मध्ये अंतिम नियम आला.

आधी ठरवा: तुमचा कुत्रा नक्की कोण?

विमानापुरता सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा. मांजर नाही, पोपट नाही. २०२० पर्यंत छोट्या घोड्यांनाही जागा होती, तीही गेली. जात कुठलीही चालते. पिटबुल आहे म्हणून नाकारता येत नाही. पण त्या कुत्र्याला तुमच्या अपंगत्वाशी संबंधित एखादं ठोस काम शिकवलेलं असलं पाहिजे. सगळी मेख या एका वाक्यात आहे.

काम म्हणजे काय? मधुमेह्याची साखर उतरायला लागली की वासावरून ओळखून नाकाने ढोसणं. कमी ऐकू येणाऱ्याला दाराची बेल वाजली की जाऊन सांगणं. खाली पडलेली किल्ली उचलून देणं. घाबरगुंडीचा झटका येताना मांडीवर अंग टाकून दाब देणं, दुःस्वप्नातून जागं करणं, औषधाची वेळ झाली की मागे लागणं. शेवटची तीन कामं मानसिक आजारासाठीची आहेत. सायकिअॅट्रिक सर्व्हिस डॉगला गाइड डॉगइतकाच मान आहे, हेही याच नियमाने पक्कं केलं.

उलट, "तो जवळ असला की मला बरं वाटतं" हे खरं असलं तरी काम नव्हे. तो ईएसए. आणि ईएसएला विमान कंपनी सरळ पाळीव प्राणी धरू शकते. मोठ्या अमेरिकी कंपन्या तसंच धरतात.

गोंधळ होतो तो घरामुळे. भाड्याच्या घरासाठी फेअर हाउसिंग ॲक्ट नावाचा वेगळा कायदा आहे आणि तिथे ईएसएचं पत्र आजही चालतं. "पाळीव प्राणी नाहीत" असा नियम असलेल्या इमारतीतही घरमालकाला त्या पत्राचा विचार करावा लागतो. शेजारी सांगतो, "अहो, आमचं पत्र चाललं की!" त्याचं चाललं ते अपार्टमेंटमध्ये. गेटवर नाही चालायचं.

आपल्या लोकांना अडवणारी आणखी एक गोष्ट. मनाच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलायचं म्हणजे जिवावर येतं. काउंटरवर सगळी रांग ऐकत असताना काय सांगायचं? काहीच नाही. कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा तुम्हाला अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजाराचं नाव ते विचारू शकत नाहीत आणि फॉर्ममध्येही ते लिहायचं नसतं. "झटका येण्याआधी तो मला सावध करतो" एवढं उत्तर पुरतं.

शिकवलं कोणी, याला बंधन नाही. न्यू जर्सीत मॉरिसटाउनला द सीइंग आय ही १९२९ पासूनची गाइड डॉग संस्था आहे. तशा संस्थेचा कुत्रा चालतो, तसाच तुम्ही घरी शिकवलेलाही चालतो. सरकारी नोंदणी, परवाना, ओळखपत्र असं काहीही अस्तित्वात नाही. त्यामुळे "राष्ट्रीय नोंदवही"त नाव घालून देतो, वर लाल जॅकेट फ्री, असं म्हणणारा तुम्हाला फक्त जॅकेट विकतो आहे. शिकत असलेला कुत्रा मात्र या नियमात बसत नाही.

आणि कुणी म्हणालं, "टाक ना फॉर्मवर सर्व्हिस डॉग म्हणून, कोण बघतंय", तर त्याचं ऐकू नका. केंद्र सरकारच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, तशी ताकीद फॉर्मवरच छापली आहे. व्हिसावर असलेल्या माणसाने हा धोका दीडशे डॉलर वाचवायला घ्यावा, हे मला तरी पटत नाही.

ईएसए किंवा साधा पाळीव असेल तर

हा रस्ता छोटा आहे. सीटखाली मावणाऱ्या पिशवीत किंवा पिंजऱ्यात बसणारा लहान कुत्रा केबिनमध्ये नेता येतो. एका बाजूचं भाडं साधारण शंभर ते दीडशे डॉलर. ती पिशवी बहुतेक ठिकाणी तुमच्या हातातल्या सामानात मोजली जाते. एका विमानात किती प्राणी घ्यायचे यालाही मर्यादा असते, म्हणून तिकीट काढल्या काढल्या फोन करून त्याची जागा धरा. पिशवीची मापं कंपनीगणिक बदलतात, ती त्यांच्या वेबसाइटवरूनच घ्या. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल आणि तो सर्व्हिस डॉग नसेल, तर केबिनचा विचार सोडा. गाडीने जा, नाहीतर त्याला चांगल्या ठिकाणी ठेवून जा.

इथून पुढचं सर्व्हिस डॉगबद्दल.

तिकीट काढताना

सर्व्हिस डॉगचं भाडं नसतं. एका प्रवाशाला दोन कुत्र्यांपर्यंत परवानगी मिळते. दोघंही तुमच्याच पायाशी मावले पाहिजेत. इमर्जन्सी एक्झिटची रांग मिळणार नाही.

सीट निवडताना लोक डोळे झाकून सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची जागा मागतात. ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि ती नको म्हणण्याचाही आहे. तिथे पाय पसरायला जागा दिसते खरी, पण समोर सीट नसल्यामुळे कुत्र्याला डोकं घालायला पोकळी मिळत नाही. मध्यम आकाराचे बरेच कुत्रे समोरच्या सीटखाली तोंड घालून जास्त शांत पडतात. माझं मत विचाराल तर खिडकीची सीट घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा पाय शेपटीवर पडत नाही आणि खाण्याची गाडी नाकाजवळून जात नाही.

प्रवासात विमान बदलायचं असेल आणि दोन वेगळ्या कंपन्या असतील, तर कागद दोघींनाही पाठवा. तिकीट कुणी विकलं यापेक्षा विमान कोण उडवतंय हे बघा.

फॉर्म

अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा एकच ठरावीक फॉर्म आहे, सर्व्हिस ॲनिमल एअर ट्रान्सपोर्टेशन फॉर्म. कंपनीला स्वतःचा वेगळा फॉर्म लादता येत नाही. वर तुमचं आणि कुत्र्याचं नाव, वजन. मग आरोग्य: रेबीजची लस कधी दिली, कधीपर्यंत चालते, पशुवैद्याचं नाव आणि फोन. मग प्रशिक्षण: काम शिकवलं आहे, कुणी शिकवलं, चारचौघांत नीट वागायला शिकवलं आहे, कुणाला चावलेला नाही. शेवटी तुमची हमी: पट्टा किंवा हार्नेस कायम राहील आणि कुत्र्याने नुकसान केलं तर कंपनी ते वसूल करू शकते हे मला माहीत आहे. खाली सही तुमची.

लसीची तारीख आठवणीने लिहू नका, पशुवैद्याकडचा दाखला समोर ठेवून लिहा. फॉर्मवरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळली नाही की निस्तरायला वेळ जातो, आणि नेमका तोच विमानतळावर नसतो.

कंपनी हा फॉर्म उड्डाणाच्या ४८ तास आधीपर्यंत मागू शकते. तिकीटच ४८ तासांच्या आत काढलं असेल तर आगाऊ मागता येत नाही, तो विमानतळावर देता येतो. आठ तास किंवा त्याहून लांब उड्डाण असेल तर दुसरा फॉर्म लागतो. कुत्रा तेवढा वेळ शू-शी करणार नाही, किंवा केलीच तर घाण न होता कशी करेल, हे त्यात लिहून द्यायचं. दोन्हींच्या छापील प्रती कुत्र्याच्या सामानात ठेवा, फोनची बॅटरी संपायला मुहूर्त लागत नाही.

एक हक्क फार कमी लोकांना माहीत असतो. कुत्रा बरोबर आहे म्हणून ऑनलाइन चेक-इन बंद ठेवायचं आणि काउंटरवर यायलाच लावायचं, हे कंपनीला करता येत नाही. काही वेळा वेबसाइट अडते तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

घरची तालीम

नकार मिळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कुत्रा पायाशी मावत नाही. हे घरीच तपासता येतं. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीपासून विमानातल्या अंतरावर ठेवा आणि जमिनीवर रंगकामाची चिकटपट्टी लावून चौकोन आखा. इकॉनॉमी सीटची रुंदी सतरा-अठरा इंच असते, तेवढाच रुंद. आता खुर्चीत बसा आणि कुत्र्याला त्या चौकोनात बसवा. पहिल्यांदा त्याचा मागचा पाय पट्टीबाहेर येईल, मग शेपटी, मग तो उठून तुमच्याकडे बघेल. त्याला अंगाचं मुटकुळं करून आडवं व्हायला शिकवा. रोज टीव्ही बघताना तिथेच बसवा, वेळ हळूहळू वाढवा. बाहेर आलेला पंजा म्हणजे शेजाऱ्याच्या किंवा वाटेच्या जागेवर अतिक्रमण, आणि तिथेच वाद सुरू होतो. खूपच लहान कुत्रा असेल तर मांडीवरही बसू शकतो, पण स्वतंत्र सीटवर नाही.

जागा पुरत नसेल तर कंपनीने त्याच वर्गात दुसरी सोयीची सीट शोधली पाहिजे. तीही नसेल तर नंतरचं विमान किंवा होल्डमधून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातून, विनाशुल्क वाहतूक, असे पर्याय देतात. कुत्र्यावर तुमचा जीव अवलंबून असेल तर होल्डला "हो" म्हणण्यात अर्थ नाही.

आवाजाची सवयही लावा. जमिनीवर ओढल्या जाणाऱ्या बॅगांचा खडखडाट, हँड ड्रायरचा फुत्कार, लाऊडस्पीकर. एखाद्या मॉलमध्ये किंवा रेल्वे स्टेशनवर अर्धा तास बसून या. गुंगीचं औषध द्यायचा विचार कराल तर आधी पशुवैद्याला विचारा. पेंगलेला कुत्रा काम करू शकत नाही, मग तो बरोबर नेण्याचा उपयोग काय?

विमानतळावर

खाणं उड्डाणाच्या बरंच आधी आणि कमी द्या. पाणी बंद करू नका, थोडं थोडं द्या. बाहेर गवत असेल तिथे एकदा फिरवून मगच आत शिरा.

सुरक्षा तपासणीत तुम्हाला आणि कुत्र्याला वेगळं करण्याची सक्ती नाही. दोघं मेटल डिटेक्टरमधून एकत्र जाऊ शकता किंवा पट्टा हातात ठेवून एकामागून एक. सोपं काय, तर तुम्ही आधी पलीकडे जा, त्याला "थांब" सांगा आणि मग बोलवा. हार्नेस आणि पट्टा हाताने तपासतात. तेव्हा कुत्र्याला हात लावण्याआधी तो माणूस तुम्हाला सांगेल अशी अपेक्षा ठेवा, नाही सांगितलं तर तुम्ही सांगा. भीती वाटत असेल तर ही तपासणी करणाऱ्या टीएसए या सरकारी संस्थेची टीएसए केअर्स ही मदत प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करून मागता येते.

आत गेल्यावर कुत्र्यांच्या शू-शीची जागा शोधून ठेवा. मोठ्या विमानतळांवर प्रत्येक टर्मिनलमध्ये अशी किमान एक जागा ठेवणं बंधनकारक आहे. पण ती कधीकधी टर्मिनलच्या पार दुसऱ्या टोकाला असते. खोटं गवत, एक छोटा नळ, वास म्हणाल तर विचारू नका. काही कुत्रे तिथे पाऊलच टाकत नाहीत, म्हणून घरून आणलेला सवयीचा पॅड खाली अंथरा.

गेटवर लवकर जा आणि वेळ लागतो असं सांगून आधी चढून घ्या. रांगेतली मुलं हात लावायला धावतात. आपल्यातल्या मावश्या-काकवाही "अगं बाई, किती गोड" करत पुढे येतात. गोड हसून "तो कामावर आहे" एवढं म्हणा. शेजारच्याला ॲलर्जी असेल किंवा कुत्र्याची भीती वाटत असेल तर कंपनीने दोघांना लांब बसवायचं असतं. तुम्हाला उतरवण्याचं ते कारण होत नाही.

कारण होतं ते वागणं. गुरगुरणं, उड्या मारणं, सतत भुंकणं, वाटेत शी करणं. अशा वेळी जॅकेटवर काहीही लिहिलेलं असो, कंपनी नकार देऊ शकते आणि तो नकार कायदेशीर ठरतो.

नकार मिळाला तर

आवाज चढवू नका. एकच वाक्य बोला: "मला कम्प्लेंट्स रिझोल्यूशन ऑफिशियलशी बोलायचं आहे." अमेरिकेत उडणाऱ्या प्रत्येक कंपनीला अपंग प्रवाशांच्या तक्रारींसाठी हा अधिकारी प्रत्यक्ष किंवा फोनवर उपलब्ध ठेवावाच लागतो. गेटवरच्या नव्या पोराला नियम माहीत नसतात, याला असतात. मग कारण लेखी मागा. ते दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. कंपनीकडे लेखी तक्रार ४५ दिवसांच्या आत टाका, म्हणजे ३० दिवसांत उत्तर देणं तिला भाग पडतं. वाहतूक खात्याकडेही ऑनलाइन तक्रार करता येते. गेट नंबर, वेळ आणि कोण काय म्हणालं, हे तिथल्या तिथे फोनमध्ये लिहून ठेवा.

भारतात जाऊन परत यायचं असेल तर

अमेरिकेतून सुटणाऱ्या किंवा अमेरिकेत उतरणाऱ्या विमानाला, कंपनी भारतीय असली तरी, वरचे नियम लागू होतात. पण दिल्लीला उतरून वेगळ्या तिकिटावर पुण्याला जाणार असाल, तर त्या टप्प्याला भारतातले नियम लागतात. तिथल्या कंपनीशी आधीच पत्रव्यवहार करा.

भारतात कुत्रा नेण्यासाठी मायक्रोचिप, रेबीजची लस, सरकारमान्य पशुवैद्याचा आणि अमेरिकी कृषी खात्याचा शिक्का असलेला दाखला, आणि भारताच्या ॲनिमल क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. हे पत्र निघण्याआधी हातात हवं आणि जिथे क्वारंटाइन केंद्र आहे अशाच विमानतळावर उतरावं लागतं. मुंबई त्यात आहे, पुणे नाही.

खरी अडचण परतीची आहे. अमेरिकेची आरोग्यसंस्था सीडीसी भारताला रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांत मोजते. १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांनुसार अमेरिकेत येणारा कुठलाही कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप असलेला आणि सीडीसीच्या ऑनलाइन डॉग इम्पोर्ट फॉर्मची पावती बरोबर असलेला हवा. भारतातून येताना त्याची लस अमेरिकेत झाल्याचं खास प्रमाणपत्रही लागतं. ते अमेरिका सोडण्याआधीच कृषी खात्याकडून शिक्का मारून घ्यावं लागतं. नागपूरला आजोळी पोचल्यावर आठवलं तर ते मिळत नाही. मग भारतात लस घेतलेल्या कुत्र्याची वाट धरावी लागते: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ताची चाचणी, ठरावीक विमानतळांवरच उतरणं, तिथल्या सीडीसी-नोंदणीकृत केंद्रात आगाऊ जागा. रक्तचाचणीचा चालणारा अहवाल नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. खर्च सगळा तुमचा. सर्व्हिस डॉग आहे एवढ्यावर ही कागदपत्रं टळत नाहीत. म्हणून भारताचं तिकीट काढण्याआधी पशुवैद्याची वेळ घ्या. कृषी खात्याच्या शिक्क्यासाठी कागद पाठवता येईल असा, त्या खात्याची मान्यता असलेला पशुवैद्यच लागतो आणि तुमचा नेहमीचा तसा असेलच असं नाही.

हवाईला सुट्टीवर जाणाऱ्यांनीही हेच करावं. त्या राज्यात रेबीज नाही आणि तो येऊ नये म्हणून देशांतर्गत प्रवासातही तिथे उतरणाऱ्या कुत्र्यांसाठी राज्याचे वेगळे नियम आहेत. सर्व्हिस डॉगला काही सवलती मिळतात, पण त्यांचेही कागद आधी पाठवावे लागतात.